माझ्या भिंतीला ओल नाय

आमचे घरमालक भिंतीचा वास घेत.

खोली दाखवताना बाकीचे मालक नळ सोडून दाखवतात, दिव्याचं बटण दाबून दाखवतात. यांनी मला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि स्वतः एकेका भिंतीपाशी जाऊन, तिला नाक टेकवून, डोळे मिटून सावकाश श्वास घेतला. चारही भिंती झाल्यावर ते माझ्यापाशी आले आणि त्याच पद्धतीने माझ्या शर्टाचा वास घेतला.

"लगीन झालंय?"

"झालंय."

"सैपाक स्टोवर का शेगडीवर?"

"स्टोवर."

"पावसाळ्यात कपडे कुठं वाळत घालणार?"

मी म्हणालो, आधी खोली तर मिळू द्या. त्यावर ते म्हणाले, "भिंत मी तुम्हाला कोरडी देतोय. हितून पुढं तुमचं वागणं."

वागण्याचा आणि भिंतीचा काय संबंध, हे मला त्या दिवशी कळलं नाही. श्रावणात कळलं. कपाट जरा पुढे ओढलं तर मागे भिंतभर पांढरी लव उगवलेली, आणि माझ्या लग्नातल्या बुटांनाही दाढी आलेली. मी नानांना बोलावून आणलं. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. नानांनी भिंतीला नाक लावलं, मग वळून माझ्या बायकोकडे, शैलाकडे पाहिलं. "लय बोलता तुम्ही दोघं," ते म्हणाले. "रात्रीची कुजबुज ऐकू येते मला. तोंडातली वाफ जाणार कुठं? भिंतीलाच चिकटणार."

आमच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. शैला स्टोमागे जाऊन उगाचच पिन मारत बसली. मी "बरं" म्हणालो. पुढचे काही दिवस आम्ही खरोखरच कमी बोललो. भुरी वाढतच गेली.

भुरी हा त्यांचा शब्द. जग जिला बुरशी म्हणतं तिला नाना भुरी म्हणत, कारण द्राक्षाच्या पानांवर पांढरी भुकटी धरते तिला बागायतदार भुरी म्हणतात. नाना मूळचे निफाडकडचे बागायतदार. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा बाग धाकट्याकडे गेली आणि नाशकात द्वारकेजवळच्या गल्लीतलं हे घर नानांच्या वाट्याला आलं. बाग सोडताना त्यांनी पितळी फवारणीपंप आणि छाटणीची कात्री उचलून आणली, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून भोकरी द्राक्षाची एक काडी. माणूस गाव बदलतो तेव्हा गावची बोली बरोबर घेऊन येतो. नानांनी बागेचं अख्खं शास्त्र आणलं, आणि शहरात बाग नसल्यामुळे ते भाडेकरूंवर चालवलं.

सत्तरच्या दशकाचा तो शेवट होता. मी पाटबंधारे खात्यात नवा कारकून होतो. कुठलं पाणी कोणत्या चारीतून कोणाच्या शेतात जातं याचे कागद मी दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचो आणि संध्याकाळी घरी येऊन ओल्या गादीवर झोपायचो. तेव्हा कायद्याने मालकाला भाडेकरू काढता येत नसे आणि भाडेकरूला दुसरी खोली मिळत नसे, त्यामुळे दोघांना एकमेकांची सवय करून घ्यावी लागे. अर्थात नानांना कायद्याची गरज नव्हती. ते रोज सकाळी येऊन वास घेत. फार कमी माणसं हे सहन करू शकतात.

आता खरी गोष्ट सांगतो, जी गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होती. नानांनी आणलेली ती काडी घराच्या मागच्या भिंतीला अगदी चिकटून लावली होती. तिचा आता मनगटाएवढा वेल झाला होता, वर लहानसा मांडव होता आणि त्या वेलाला नाना पाणी घालत. घालत म्हणजे घालतच राहत. शिवाय घरात नियम असा, की तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी मोरीत सोडायचं नाही, वेलाच्या बुडाशी नेऊन ओतायचं. आणि मागची भिंत म्हणजे आमच्या खोलीची मागची भिंत. शैला सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी बाहेर नेऊन ओतायची आणि दुपारपर्यंत ते भिंतीतून घरात परत यायचं. दसऱ्यानंतर सगळ्या नाशकातली बुरशी वाळते, आमची बारमाही होती.

हे नानांना दिसत नव्हतं. दिसायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती. शेजारच्या खोलीत प्राथमिक शाळेतल्या एक शिक्षिका राहत, त्यांना आम्ही बाई म्हणायचो. बाई कुणाला भीत नसत, पण त्यांची खोली पुढच्या बाजूची, खडखडीत कोरडी. मी त्यांना म्हणालो, "बाई, तुम्ही तरी नानांना सांगा, ओल वेलामुळे आहे." बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या आधीच्या भाडेकरूंनी सांगितलं होतं."

"मग?"

"ते आता विंचूरला राहतात."

मी वेलाचा विषय मनातून काढून टाकला.

नानांचं एक वार्षिक प्रकरण होतं. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी करतात, तशी नाना घराची करत. ठरल्या दिवशी सकाळी सगळ्या भाडेकरूंनी आपला संसार अंगणात आणून मांडायचा. ट्रंका, गाद्या, डबे, देव, सगळं. मग नाना कात्री हातात घेऊन त्या संसारांमधून हिंडत. कात्री फक्त दाखवायला, पण भीती वाटायचीच. "हे कशाला?" "हे दोन दोन कशाला?" "फाजील काडी ठेवली का हवा खेळत नाय." माझी जुनी मासिकं त्यांनी अशीच छाटली. बाईंच्या अंगणातल्या पसाऱ्यापाशी मात्र ते नुसतेच उभे राहिले, कारण बाईंनी आधीच मोठी छडी मांडीवर घेऊन ठेवली होती.

त्या छाटणीत आमचा लग्नाचा फोटो भिंतीवरून पहिल्यांदा खाली उतरला. काचेच्या आत भुरी शिरली होती. माझा अर्धा चेहरा गेला होता, आणि वणीच्या माझ्या सासऱ्यांच्या काळ्याभोर मिशा पिकून पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. नानांनी फोटो उन्हात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पाव्हणं लय चिंता करत्यात वाटतं." शैला इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. नानांवर चिडावं आणि नेमकं त्याच वेळी हसू यावं, अशी आमची कायमची पंचाईत होती.

पुढच्या पावसाळ्यात मात्र हसू आटलं. शैलाला दिवस गेले होते आणि खोलीतल्या कुबट वासाने तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. मी एकदा धीर करून नानांना म्हणालो, "नाना, भिंतीचं काहीतरी करायला हवं."

"करू की," नाना म्हणाले. मला वाटलं, जिंकलो.

रविवारी सकाळी दारात नाना उभे. पाठीवर पितळी पंप, तोंडाला फडकं, हातात दोन बादल्या. एकीत मोरचूद विरघळवलेला, दुसरीत चुना. द्राक्षावर रोग आला की ही दोन्ही पाणी एकत्र करून फवारतात, त्याला बागायतदार बोर्डो म्हणतात. नानांनी दोन्ही बादल्या आमच्या उंबऱ्यात एकत्र केल्या आणि शैलाकडे सुरी मागितली. कांदा चिरायची आमची एकुलती एक सुरी त्यांनी त्या निळ्या पाण्यात बुडवून ठेवली. "लोखंडाव तांबूस चढलं का समजायचं, चुना कमी पडला," त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. सुरीवर काही चढलं नाही. नाना खूश झाले आणि पंप मारायला लागले.

"नाना, हे माणसांना चालतं का?" मी बाहेरून ओरडलो.

"अंगुराला चालतंय, तुम्हाला काय धाड भरलीय?"

तासाभरात आमची मागची भिंत पोळ्याच्या बैलाच्या शिंगांसारखी निळी झाली. सुरी शैलाने टाकून दिली. भुरी आठवडाभर दबली आणि मग निळ्यावर उगवली. निळा रंग मात्र पक्का बसला नाही. चुन्याचाच तो, भिंतीला कोणी टेकलं की अंगाला यायचा.

त्या निळ्या भिंतीला सर्वांत आधी कोण टेकावं? शैलाला बाळंतपणासाठी वणीला न्यायला आलेले माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणायचो. पांढरा सदरा, पांढरं धोतर, कडक इस्त्रीची टोपी. एस.टी.तून उतरून दमलेले, ते चहाचा कप घेऊन भिंतीला पाठ लावून बसले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण सासऱ्यांना उठा म्हणणार कसं? चहा झाल्यावर त्यांनी घाम पुसायला टोपी काढली. टोपीची मागची बाजू निळी. त्यांनी टोपी पाहिली, भिंत पाहिली, बोट ओढून नाकाशी नेलं. मामाही शेतकरीच.

"बोर्डो?" ते म्हणाले. "घरात?"

मग त्यांनी कपाट ओढलं, गादी उलटली, कोपऱ्यात हात फिरवला, आणि हात धोतराला पुसून मला म्हणाले, "जावईबापू, ही भिंत वाळल्याबिगर माझी पोरगी आन् तिचं लेकरू ह्या खोलीत येणार नाय."

ओसरीवरून आवाज आला, "माझ्या भिंतीला ओल नाय, पाव्हणं."

"मग मला निळा घाम आला आसंल," मामा म्हणाले, आणि शैलाची ट्रंक उचलून चालू लागले. सदऱ्याची अख्खी पाठ निळी. तसेच ते द्वारकेपर्यंत गेले आणि तसेच रिक्षात बसले.

दिवाळीत मुलगा झाला. मी दर रविवारी वणीची एस.टी. पकडायचो, दिवसभर त्याला मांडीवर घेऊन बसायचो आणि संध्याकाळी परत यायचो. मुलाची छाती नाजूक होती, झोपेत बारीक घुरघुर यायची. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की ओलसर जागेत ठेवू नका. हे ऐकल्यावर मामांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ झाली. आणि मला खोली मिळत नव्हती. मिळाली ती दुप्पट भाड्याची होती. मला मुलाची इतकी आठवण यायची, की त्या निळ्या खोलीत मी रडलोसुद्धा आहे. रडलो आणि लगेच वाटलं, सकाळी नाना येऊन म्हणतील, रडता काय, ओल येते.

नानाही मजेत नव्हते. दर सोमवारी ते विचारायचे, "पोरगं काय म्हणतंय?" मी म्हणायचो, बरा आहे. "कुणाच्या तोंडावळ्याचं?" मी सांगायचो. एकदा कामावरून आलो तर खोलीच्या तुळईला नवी कोरी लोखंडी कडी. पाळण्यासाठी. नानांनी स्वतः शिडी लावून ठोकली होती. "आता का येत नाय ते?" नाना मला विचारत होते. त्या माणसाला खरंच कळत नव्हतं. मी आणि बाईंनी मग गुपचूप तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी वेलाला घालायचं बंद केलं. दोनच दिवसांत नानांनी पान हातात घेऊन जाहीर केलं, की वेलाच्या तोंडचा घास कोणीतरी पळवतंय, आणि स्वतः बादल्या भरून दुप्पट घालायला लागले.

माझी सगळी आशा मामांवर होती. संक्रांत झाली की मी येतो आणि भिंत बघतो, असं ते म्हणाले होते. मामा स्पष्टवक्ते. बाजार समितीत व्यापाऱ्याची मान धरणारा माणूस. जे माझ्या तोंडून निघत नव्हतं ते हा माणूस नानांना फाडकन सांगणार, याबद्दल मला शंका नव्हती. बाईंनासुद्धा नव्हती. त्या दिवशी त्यांनी शाळेला रजा टाकली.

मामा आले. भिंतीवर पंजा टेकवला, नखाने खरवडलं, वास घेतला. नानाही शेजारी येऊन वास घ्यायला लागले. दोन म्हातारे भिंतीला नाक लावून शेजारी शेजारी उभे आणि मागे आम्ही श्वास रोखून.

"पाणी हाय," मामा म्हणाले. "कुठून येतंय?"

"तेच मी ह्यांना इचारतोय," नाना म्हणाले.

"मागल्या अंगाला काय हाय?"

नानांचा चेहरा एकदम उजळला. "या, दाखवतो," म्हणाले, आणि स्वतःच मामांचा हात धरून त्यांना वेलाकडे घेऊन गेले. बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, आता झालंच.

वेल त्या वर्षी लगडला होता. मामा मांडवाखाली उभे राहिले आणि वर बघतच राहिले. पायाखाली चिखल पचपचत होता, भिंतीचा बुडखा ओलाकच्च, त्यावर हिरवं शेवाळ. हे सगळं त्यांनी पाहिलं, मी त्यांची नजर फिरताना पाहिली. मग त्यांनी हात वर करून एक घड खालून ओंजळीत धरला, तोलल्यासारखा. तोडला नाही.

"भोकरी का?"

"भोकरी."

"छाटणी कवा घेतली?"

आणि जे सुरू झालं ते दुपार टळेपर्यंत. कुठल्या काडीला किती डोळे ठेवायचे, शेणखत कवा द्यायचं, निफाडची माती आणि वणीची माती. मी खाकरलो. मी चिखलात पाय आपटून पाहिला. बाईंनी तर बोट दाखवून "मामा, ही भिंत बघितलीत का?" असं मोठ्याने विचारलं. "बघितली," मामा म्हणाले आणि पुन्हा घडाकडे वळले.

एस.टी. स्टँडवर मी त्यांना धरलं. "मामा, तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलू? घड लागल्याला येल तोड म्हणू?" मामा माझ्यावरच उखडले. "आवो, फळाव आल्याल्या झाडाबद्दल आसं बोलायचं तोंड देवानं मला दिल्यालं नाय."

"तोडा म्हणू नका. पाणी कमी घाला म्हणा."

"बागायतदाराला? त्याच्या येलाला पाणी कमी घाल म्हणू? बरं दिसंल का ते?" ते गाडीत चढले आणि खिडकीतून म्हणाले, "लेकरू आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. लय चांगला येल हाय."

दोन शेतकऱ्यांच्या या सभ्यपणात माझा संसार वणीला अडकला. मी बाईंना येऊन सांगितलं, तर एरवी माझ्या फजितीवर हसणाऱ्या बाई या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "शैलाला हे कळवलंत का?"

मी पुढच्या रविवारी शैलाला सगळं सांगितलं. आणि त्या आठवड्यात, भर दुपारी, मी घरी जेवायला आलेलो असताना गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. शैला उतरली. एका हातात ट्रंक, खांद्यावर मुलगा.

"मामांनी पाठवलं?" मी विचारलं.

"नाही. बाबा वेलाबद्दल बोलणार नाहीत, तुम्ही नानांपुढे बोलणार नाही. पोराला मिसरूड फुटेपर्यंत वणीलाच ठेवायचं का?"

ती आमच्या खोलीकडे वळलीच नाही. सरळ पुढच्या ओसरीवर गेली, जिथे नाना बाजेवर बसले होते, आणि मुलगा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"नाना, डॉक्टर म्हणतात याला ओल चालणार नाही. मी याला आत नेऊ का परत वणीला नेऊ? तुम्ही सांगाल तसं करते."

नानांना मुलं धरायची सवय नसावी. ते अवघडून बसले. मग त्यांनी, दुसरं काही न सुचल्यामुळे असेल, मान खाली करून मुलाच्या टाळूला नाक टेकवलं आणि डोळे मिटून श्वास घेतला. नंतर कान छातीला लावला. घुरघुर होतीच. बराच वेळ त्यांनी कान काढला नाही. मुलाने त्यांची टोपी पाडली तरी काढला नाही.

मग ते उठले. मुलाला घेऊन आमच्या खोलीत गेले, निळ्या भिंतीपुढे उभे राहिले. तिथे नाक लावलं नाही. नुसते उभे राहिले. बाहेर आले तेव्हा चेहरा लाल झाला होता.

"खोली खाली करा!" नाना ओरडले. "आत्ताच्या आत्ता!"

शैलाचा चेहरा उतरला. बाई हातातलं लाटणं घेऊन दारात आल्या. "नाना, लाज नाही वाटत? तान्हं पोर..."

"तुम्ही मधी पडू नका, बाई! लय दिवस बघतोय मी. खोली दिली कोरडी, ह्या माणसानं तिची काय कळा केली बघा. ह्याला खोली सांभाळता येत नाय!" मग मुलगा शैलाच्या हातात देत ते म्हणाले, "पुढली खोली घ्या माझी. तितं ऊन येतंय. हितं मी ऱ्हातो. खोली कशी ठेवायची आसती ती ह्याला एकदा ऱ्हाऊनच दाखवतो."

बाईंचं लाटणं खाली आलं. आणि नाना शिडी शोधायला गेले, पाळण्याची कडी काढून पुढच्या खोलीत ठोकायला.

तो वेल त्यांनी तोडला नाही. पाणीही कमी केलं नाही. मागच्या भिंतीवर बोर्डो तेवढा दर पावसाळ्यात नव्याने मारत राहिले. महिन्याभरात त्यांना शिंका सुरू झाल्या. सकाळी उठले की दहा-बारा शिंका सलग. चार दिवसांनी त्यांनी बाजारातून तपकिरीची डबी आणली. आयुष्यात कधी तपकीर न ओढलेला माणूस, आता प्रत्येक शिंकेआधी घाईघाईने चिमूट नाकाशी नेऊ लागला. कधी कधी चिमूट पोचायच्या आधीच शिंक यायची, मग नाना आमच्याकडे रागाने बघायचे. बाई मुद्दाम विचारायच्या, "नाना, भिंत कशी आहे?"

"खडखडीत."

एवढं बोलून नाना वळायचे, आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची अख्खी पाठ निळी दिसायची. आरशात ती त्यांना दिसत नसे, आणि आमच्यापैकी कोणी कधी सांगितलं नाही. बाईंनीसुद्धा नाही. गल्लीतली पोरंही नुसती बघायची.

माघात द्राक्षं तयार झाली. पहिला घड नानांनी मला नाही, शैलाला दिला. मामांसाठी टोपलीभर वणीला पाठवली. मामांनी टोपली परत पाठवताना तीत एक कोरी टोपी घालून पाठवली. नानांनी ती डोक्यावर चढवली आणि दोन दिवसांत मागून निळी केली.

आम्ही त्या पुढच्या खोलीत पुढे बरीच वर्षं राहिलो. मुलाची छाती सुधारली, तो शाळेत जायला लागला, बाईंची छडी चुकवायला शिकला. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आम्ही नव्या वसाहतीत दोन खोल्यांचं बैठं घर बांधलं. वास्तुशांतीला नाना आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. पूजेकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते थेट भिंतींकडे गेले. पाहुणे पंक्तीला बसलेले आणि नाना एकेका भिंतीला नाक टेकवत फिरतायत. न्हाणीघराच्या दारामागे ते थबकले. खाली कोपऱ्यात, आमच्या कोणाच्या लक्षातही न आलेला, बोटाएवढा करडा डाग होता.

"आली!" नाना आतून गरजले. सगळी पंगत वळून बघायला लागली. "भुरी आली! मी म्हणत नव्हतो? माझ्या भिंतीचा काय दोष नव्हता. माणसंच ही आसली!"

इतका आनंदी चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. जेवले पोटभर, वर आणखी एक जिलबी मागून घेतली.

निघताना फाटकापाशी त्यांनी ते गोणपाट शैलाच्या हातात दिलं. आत भोकरीची काडी होती. शैला वाकून पाया पडली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, फाटकाबाहेर खेळणाऱ्या आमच्या मुलाकडे पाहिलं, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "पोरी, ही लावताना भिंतीपासून लांब लाव."

"किती लांब, नाना?"

"चांगली लांब," नाना म्हणाले. "ओल जाती."

मी दोन पावलांवरच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घाईने तपकिरीची डबी काढली, चिमूट ओढली आणि निघाले. पुढची खोली त्यांनी आमच्यानंतर दुसऱ्या कोणाला तरी दिली होती, हे मला बाईंकडून कळलं होतं. त्यांच्याकडेही लहान मूल होतं म्हणे. रस्त्याला लागून नाना द्वारकेच्या दिशेने वळले, तेव्हा इस्त्रीच्या त्या सदऱ्याची पाठ मानेपासून कमरेपर्यंत निळी होती.

शैलाने माझा दंड धरला. आम्ही दोघांनी त्यांना हाक मारली नाही.